रनरच्या वाटेत कोण आलं? सॉफ्टबॉलचे पंच ‘ऑब्स्ट्रक्शन’चा निकाल कसा देतात

18 जून 2015, मिरपूर. भारत-बांगलादेश मालिकेतली पहिली वनडे. भारत 308 धावांचा पाठलाग करत होता आणि महेंद्रसिंग धोनी एक रन काढायला पळाला. पळायच्या वाटेतच बॉलर उभा होता, आयुष्यातली पहिली वनडे खेळणारा 19 वर्षांचा मुस्तफिझूर रहमान. धोनी वळला नाही, थांबलाही नाही. त्याला धक्का देऊन पुढे गेला. मुस्तफिझूरला उपचारासाठी मैदानाबाहेर जावं लागलं, मग तो परत आला, त्याने पाच विकेट काढल्या आणि भारत 79 धावांनी हरला. सामन्यानंतर धोनीला मॅच फीच्या 75 टक्के आणि मुस्तफिझूरला 50 टक्के दंड झाला.

ती क्लिप आजही अधूनमधून फिरते आणि भांडण तेच असतं. चूक कोणाची, धक्का देणाऱ्याची की मध्ये उभं राहणाऱ्याची? क्रिकेटने दोघांच्याही खिशाला कात्री लावून विषय मिटवला. पण मध्ये कोणी नसतं तर धोनी किती लवकर पोहोचला असता, दुसरी रन झाली असती का, हा हिशेब कोणीच मांडला नाही.

सॉफ्टबॉलमध्ये पंचाला नेमका हाच हिशेब मांडावा लागतो. तोही सामना चालू असताना, दोन-तीन सेकंदांत. या नियमाचं नाव ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे फिल्डरने रनरच्या वाटेत आणलेला अडथळा. शाळा-कॉलेजच्या सामन्यात ‘अहो सर, ती मध्ये उभी होती!’ अशी आरोळी तुम्ही ऐकली असेल, तर ती याच नियमाबद्दल असते. आणि त्यानंतर पंच जे करतात ते बहुतेक प्रेक्षकांना कळत नाही. कारण वरवर पाहता पंच काहीच करत नाहीत, नुसता एक हात बाजूला धरून उभे राहतात.

आधी मैदान समजून घेऊ

सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा लहान भाऊ. 1887 साली शिकागोत एका क्लबच्या हॉलमध्ये बॉक्सिंगचा ग्लोव्ह गुंडाळून बॉल केला आणि खेळ सुरू झाला. मैदान चौकोनी, चार कोपरे. एक होम, बाकी तीन बेस. बॅटरने बॉल मारला की ती पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसला शिवून होमला परत यायचा प्रयत्न करते. आली की एक रन. वाटेत फिल्डरने हातातल्या बॉलने तिला स्पर्श केला, म्हणजे टॅग केलं, की ती बाद.

यात लक्षात ठेवायचा आकडा एकच, 60 फूट. दोन बेसमधलं अंतर, साधारण सव्वाअठरा मीटर. बेसबॉलमध्ये ते 90 फूट असतं. सॉफ्टबॉलची चपळ खेळाडू होमपासून पहिल्या बेसपर्यंत तीन सेकंदांच्या आसपास पोहोचते. म्हणजे कोणीतरी मध्ये आल्यामुळे तिचं एक पाऊल चुकलं, अर्धा सेकंद गेला, तर सेफ असणारी खेळाडू आरामात बाद होते. क्रिकेटमध्ये बॅटर एका रेषेत पळतात आणि बाजूने जायला जागा असते. इथे प्रत्येक बेसवर एक फिल्डर उभीच असते आणि रनरला त्याच बेसला पाय लावून वळायचं असतं. त्यामुळे दोघी एकमेकींच्या वाटेत येणार हे ठरलेलंच. प्रश्न इतकाच, की त्या क्षणी वाट कोणाची?

वाट कोणाची?

याचं उत्तर बॉलवर अवलंबून आहे. बॅटरने मारलेला बॉल पकडायला फिल्डर निघाली असेल, तर वाट फिल्डरची. रनरने तिला चुकवून जायचं. धडकली किंवा आडवी आली तर रनर बाद, आणि खेळ तिथेच थांबतो. याला म्हणतात इंटरफेरन्स. क्रिकेटमध्ये याच्या जवळचा प्रकार म्हणजे ‘ऑब्स्ट्रक्टिंग द फिल्ड’. 12 मे 2024 ला चेन्नईत राजस्थानविरुद्ध रवींद्र जडेजा असाच बाद झाला होता, पळता पळता थ्रोच्या वाटेत आल्याबद्दल.

उलट बॉल फेकला गेलाय, हवेत आहे आणि फिल्डर तो घ्यायची वाट बघत उभी आहे, तर वाट रनरची. फिल्डरच्या हातात बॉल येईपर्यंत तिने रनरला अडवायचं नाही. बॉल एकदा हातात आला की मग ती बेससमोर भिंतीसारखी उभी राहू शकते.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. ‘बॉल येतच होता की’ हा फिल्डरच्या बाजूने केला जाणारा सगळ्यात लाडका युक्तिवाद. गंमत म्हणजे तो पूर्वी चालायचा. जुन्या नियमांत बॉल ‘घेण्याच्या बेतात’ असलेल्या फिल्डरला सूट होती. पण बेतात म्हणजे किती बेतात? बॉल दहा फुटांवर असताना की तीसवर? प्रत्येक पंचाचं माप वेगळं. शेवटी तो शब्दप्रयोगच काढून टाकण्यात आला. आता बॉल हातात आहे की नाही, एवढंच बघायचं. ग्लोव्हला लागून उडाला, हातात खेळतोय, घट्ट पकडलेला नाही, तर तो हातात नाही.

पंच नेमकं काय बघतात

समजा, बॅटरने लांब फटका मारलाय. पहिल्या बेसवरची फिल्डर बॉल कुठे गेला हे बघत बेसपाशीच उभी आहे. तिच्या मनात काही नाही, ती फक्त बघतेय. रनर पहिल्या बेसला वळसा घालून दुसऱ्याकडे निघते, समोर ही बाई उभी. रनर बाहेरून मोठा वळसा घेते. टक्कर नाही, ढकलाढकली नाही, प्रेक्षकांपैकी कोणाचं तिकडे लक्षही नाही कारण सगळे बॉलकडे बघतायत.

हे ऑब्स्ट्रक्शन आहे का? आहे. सॉफ्टबॉलमध्ये सगळ्यात जास्त वेळा होणारं ऑब्स्ट्रक्शन हेच.

कारण नियमात दोन गोष्टी मुद्दाम नाहीत. एक, स्पर्श व्हायलाच हवा असं नाही. रनरचा वेग कमी झाला, तिला वाट बदलावी लागली, ती थबकली, एवढं पुरेसं. दोन, हेतू. मुद्दाम केलं की चुकून झालं, याच्याशी पंचाला देणंघेणं नाही. फिल्डर पाय घसरून पडली आणि रनर तिच्यावर अडखळली, तरी ते ऑब्स्ट्रक्शनच.

दुसरी गोष्ट पचायला जड जाते. आपल्याकडे चूक म्हटली की आधी हेतू विचारतात. ‘तिने मुद्दाम नाही केलं हो’ हे वाक्य आपल्याला पूर्ण बचाव वाटतं. पण नियम फिल्डरला शिक्षा करायला बसलेला नाही, तो रनरचं गेलेलं परत द्यायला बसलाय. रनरचं पाऊल चुकलं ते चुकलंच, समोरची निष्पाप होती म्हणून ते भरून येत नाही.

आता याची दुसरी बाजू. फिल्डर बॉल नसताना बेससमोर उभी आहे, पण रनर अजून बरीच लांब आहे. रनर जवळ येईपर्यंत बॉल हातात आला, आणि तोवर रनरने ना वेग कमी केला ना वाट बदलली. मग अडथळा कोणाला झाला? कोणालाच नाही. नुसतं चुकीच्या जागी उभं राहणं हा गुन्हा नाही, त्यामुळे रनरचं नुकसान व्हायला हवं. म्हणून चांगला पंच फिल्डरच्या पायांपेक्षा रनरच्या पायांकडे जास्त बघतो. तिचं पाऊल कधी बदललं, आणि त्या क्षणी बॉल कुठे होता? या दोन गोष्टी एकाच वेळी दिसाव्या लागतात, आणि दोन्ही एका जागी नसतात. शालेय सामन्यांत दोनच पंच असतील, तर हे काम किती अवघड असेल याचा विचार करा. सगळं मैदान बॉलमागे बघत असताना एकाला बॉलवरून डोळे काढून रिकाम्या वाटणाऱ्या बेसकडे बघायचं असतं.

डावा हात, आणि खेळ चालूच

ऑब्स्ट्रक्शन दिसलं की पंच डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ धरतो, मूठ बंद, आणि ‘ऑब्स्ट्रक्शन’ असं म्हणतो. शिट्टी नाही, खेळ थांबत नाही. याला ‘डिलेड डेड बॉल’ म्हणतात. बॉल पुढे ‘डेड’ होऊ शकतो, पण आत्ता नाही.

लगेच का थांबवत नाहीत? कारण थांबवलं तर फायदा चूक करणाऱ्यांनाच होईल. बॉल आउटफिल्डमध्ये लांब गेलाय, रनर अडखळूनही तिसऱ्या बेसपर्यंत जाऊ शकते, आणि पंचाने दुसऱ्या बेसआधीच खेळ थांबवला, तर तिला अडवणं हीच एक चाल होऊन बसेल. फुटबॉलमध्ये फाऊल झाल्यावरही रेफ्री ऍडव्हांटेज देऊन खेळ चालू ठेवतो, त्याच जातीची ही कल्पना. रनर स्वतःच्या पायांनी हवं तिथे पोहोचली तर प्रश्नच मिटला, पंच हात खाली घेतो.

म्हणून कोच मुलींना एक गोष्ट ओरडून ओरडून सांगतात, की अडवलं तरी थांबू नकोस, पळत राहा. नवख्या मुली नेमकं उलट करतात. थांबतात, पंचाकडे बघतात, हातवारे करतात. हात वर गेलेला असतो, पण बॉल जिवंत असतो. आणि आपण कुठपर्यंत पोहोचलो असतो, हे पंचाला पटवायचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे आपलं पळणं.

न घडलेल्या गोष्टीचा निकाल

खरी परीक्षा सुरू होते अडवलेली रनर टॅग झाली की. पंच ‘डेड बॉल’ पुकारतो, सगळं मैदान थांबतं, आणि आता त्याला सांगायचं असतं की अडथळा झाला नसता तर ही रनर कुठपर्यंत पोहोचली असती. जे डोळ्यांसमोर घडलं त्याचा निकाल कोणीही देईल. इथे जे घडलंच नाही त्याचा द्यायचा असतो.

मघाचंच उदाहरण पुढे नेऊ. पहिल्या बेसवर अडवलेली रनर दुसऱ्या बेसवर एका पावलाने बाद झाली. मोठा वळसा घ्यायला दोन-तीन पावलं गेली होती. म्हणजे अडथळा नसता तर ती सेफ होती. पंच तिला दुसरा बेस देतो. यात फारसा वाद नसतो.

आता समजा ती एका पावलाने नाही, वीस फुटांनी बाद झाली. फिल्डर बॉल घेऊन आरामात वाट बघत होती. अडथळा नसता तरी ती पोहोचली नसती, हे सगळ्यांना दिसतंय. मग बाद? नाही. ज्या दोन बेसच्या मध्ये रनरला अडवलं, त्या दोन बेसच्या मध्ये तिला बाद देता येत नाही, हे संरक्षण तिला मिळतंच. पण दुसरा बेसही मिळत नाही. पंच तिला पहिल्या बेसवर परत पाठवतो. यावर दोन्ही संघ एकाच वेळी चिडतात. एका बाजूला वाटतं बाद होती, दुसऱ्या बाजूला वाटतं ऑब्स्ट्रक्शन म्हणजे पुढचा बेस फुकट. दोन्ही चूक. सॉफ्टबॉलमध्ये पुढचा बेस आपोआप मिळत नाही. बेसबॉलमध्ये, ज्या रनरला बाद करायचा प्रयत्न चालू आहे तिलाच अडवलं तर खेळ लगेच थांबतो आणि किमान एक बेस मिळतो. टीव्हीवर अमेरिकन बेसबॉल बघून आलेल्यांचा घोळ इथेच होतो.

तिसरी शक्यता. पहिल्या बेसवर अडवलेली रनर दुसऱ्या बेसला सुखरूप पोहोचली आणि तिथे न थांबता तिसऱ्याकडे धावली. तिथे बाद झाली. आता पंचाने मनात ठरवलेलं असतं की हिचं संरक्षण कुठपर्यंत. दुसऱ्यापर्यंतच धरलं असेल, तर तिसऱ्यावरची विकेट कायम. पुढचा धोका तिने स्वतः पत्करलाय. तिसऱ्यापर्यंत धरलं असेल, तर तिसरा बेस तिचा.

आणि अडवलं गेलं म्हणजे सगळं माफ असंही नाही. बेसला पाय लावायचाच राहिला, झेल होण्याआधीच बेस सोडला, किंवा तिने स्वतः एखाद्या फिल्डरच्या कामात अडथळा आणला, तर ऑब्स्ट्रक्शनची ढाल तिथे चालत नाही.

हे ‘मनात ठरवणं’ अडथळा होतो त्या क्षणीच करायचं, असं चांगले पंच मानतात. थ्रो कसा आला, रनर किती फुटांनी बाद झाली हे बघून नंतर ठरवलं, तर निकाल शेवटच्या दृश्याकडे झुकतो. अर्थात रनर नंतर किती जोरात पळाली, थ्रो किती वेळाने आला, ही माहिती कामाची असतेच. कुठला पंच कशाला किती वजन देतो, इथे माणसामाणसांत फरक पडतो. माझ्या मते या नियमातली सगळ्यात कच्ची जागा ही आहे, आणि ती पक्की करता येईल असं वाटत नाही.

सेंट लुईसची ती रात्र

या प्रकारचा सगळ्यात गाजलेला निकाल सॉफ्टबॉलचा नाही, बेसबॉलचा आहे. पण पंचापुढचा प्रश्न अगदी हाच होता, आणि एवढ्या मोठ्या मंचावर तो दुसरा कधी आला नाही.

26 ऑक्टोबर 2013. अमेरिकेतली वर्ल्ड सिरीज, तिसरा सामना. सेंट लुईस कार्डिनल्स विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स. नववी इनिंग, स्कोअर 4-4. कार्डिनल्सचा यादिएर मोलिना तिसऱ्या बेसवर, ऍलन क्रेग दुसऱ्यावर. क्रेग पायाच्या दुखापतीतून नुकताच परतला होता, नीट पळताही येत नव्हतं.

जॉन जेने बॉल मारला. बॉस्टनच्या डस्टिन पेड्रोयाने झेप घेऊन तो अडवला आणि होमला फेकला. मोलिना बाद. कॅचर साल्टालामाकियाने क्रेगलाही टिपायला लगेच तिसऱ्या बेसकडे बॉल फेकला, आणि तिथेच सगळं बिघडलं. थ्रो भरकटला. तिसऱ्या बेसचा फिल्डर विल मिडलब्रुक्स त्याच्यासाठी झेपावला, बॉल त्याला चकवून आउटफिल्डमध्ये गेला, आणि तो पालथा पडून राहिला. क्रेग उठला, होमकडे निघाला आणि पडलेल्या मिडलब्रुक्सला अडखळून त्याच्यावरच कोसळला. मिडलब्रुक्सचे पाय त्या वेळी वर उचललेले होते. क्रेग पुन्हा उठला, लंगडत होमकडे धावला. तोवर बॉल परत आला आणि कॅचरने त्याला होमच्या आधी टॅग केलं.

स्टेडियममधल्या हजारो लोकांना स्पष्ट दिसलं की तो बाद आहे. पण होमवरच्या डॅना डिम्यूथ यांनी सेफ दिला आणि तिसऱ्या बेसकडे बोट केलं. तिथले पंच जिम जॉइस यांनी क्रेग अडखळला त्या क्षणीच ऑब्स्ट्रक्शन पुकारलं होतं. रन मान्य, कार्डिनल्स 5-4 ने विजयी. ऑब्स्ट्रक्शनच्या निकालावर संपलेला वर्ल्ड सिरीजचा हा पहिलाच सामना.

बॉस्टनवाल्यांचे दोन मुद्दे होते. मिडलब्रुक्स बॉलसाठी झेपावून पडला होता, तो जाणार कुठे? आणि क्रेग बेसच्या सरळ रेषेत नव्हता, आतून पळत होता. पंचांनी सामन्यानंतर दोन्हीची उत्तरं दिली. हेतू असो वा नसो, बॉल निघून गेल्यावर जमिनीवर पडलेल्या फिल्डरने रनर अडला तर ते ऑब्स्ट्रक्शन. आणि रेषा खडूने आखलेली नसते, रनर जिथून निघालाय तिथून पुढच्या बेसपर्यंतची वाट ही त्याची वाट. पडलेला फिल्डर हे उदाहरण बेसबॉलच्या नियमपुस्तकातच दिलेलं आहे, जॉइस यांनी नवीन काही शोधून काढलं नव्हतं. सॉफ्टबॉलच्या पंचानेही हेच दिलं असतं.

या जॉइस यांची आणखी एक गोष्ट आहे. 2 जून 2010 ला डेट्रॉइटमध्ये अर्मांडो गलारागा हा पिचर परफेक्ट गेमपासून एक बॅटर दूर होता आणि पहिल्या बेसवर बाद असलेल्या रनरला जॉइस यांनी सेफ दिलं. नंतर रिप्ले बघून त्यांनी रडत रडत चूक कबूल केली. ज्या पंचाची ओळख एका चुकीच्या निकालाने झाली, त्याच पंचाने तीन वर्षांनी लाखो लोक टीव्हीवर बघत असताना, कोणाचंही लक्ष नसलेली गोष्ट बघितली आणि बरोबर निकाल दिला. त्या रात्री शिव्या मात्र दोन्ही वेळेसारख्याच पडल्या असणार. (बॉस्टनने पुढे सिरीज 4-2 ने जिंकली, त्यामुळे त्यांचा राग फार टिकला नाही.)

बॉल नसताना टॅगचं नाटक

अडवायला शरीरच मध्ये आणावं लागतं असं नाही. फिल्डरच्या हातात बॉल नाही, येणारही नाही, तरी ती खाली वाकून टॅग करायचं नाटक करते. रनर घाबरून स्लाइड करते किंवा थबकते. याला फेक टॅग म्हणतात, आणि हेही ऑब्स्ट्रक्शनच. यावर नियम कडक आहे, पुन्हा पुन्हा केलं तर खेळाडूला बाहेरही काढतात. कारण वेगात असताना गरज नसलेली, अर्धवट स्लाइड म्हणजे घोटा किंवा गुडघा जायची हमखास सोय.

हे वाचून क्रिकेटवाल्यांना विराट कोहली आठवेल. 2 नोव्हेंबर 2022, ऍडलेड, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. बॉल हातात नसताना कोहलीने थ्रोचं नाटक केलं, असा आरोप बांगलादेशच्या नुरुल हसनने सामन्यानंतर केला. क्रिकेटमध्ये 2017 पासून त्यासाठी पाच पेनल्टी रन्सचा नियम आहे, आणि भारत तो सामना पाच रन्सनीच जिंकला होता. त्यामुळे चर्चा किती पेटली असेल ते सांगायला नको. पण क्रिकेटचा नियम म्हणतो की फिल्डरने हे जाणूनबुजून केलेलं असलं पाहिजे. म्हणजे पंचाला फिल्डरच्या मनात शिरावं लागतं. शिवाय दंड ठरलेला, पाच रन्स, नुकसान शून्य झालं असलं तरी पाच आणि सामना हातचा गेला असला तरी पाच. सॉफ्टबॉलचा पंच मनात शिरत नाही आणि ठरलेला दंडही देत नाही. तो फक्त रनरला, ती जिथे असायला हवी होती, तिथे नेऊन ठेवतो. मला हा मार्ग जास्त न्याय्य वाटतो, जरी त्यात पंचाच्या डोक्यावरचं ओझं वाढत असलं तरी.

हाडांचाही प्रश्न आहे

ऑब्स्ट्रक्शनची सगळ्यात धोकादायक जागा होम. कॅचर होमसमोर उभी, रनर पूर्ण वेगात. 25 मे 2011 ला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा कॅचर बस्टर पोझी याला स्कॉट कझिन्सची अशीच धडक बसली. पायाचं हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले, त्याचा सीझन तिथेच संपला. 2014 पासून मेजर लीग बेसबॉलने होमवरच्या धडकांसाठी वेगळा नियम आणला.

सॉफ्टबॉलमध्ये धडक मारून जागा करणं आधीपासूनच चालत नाही. फिल्डरच्या हातात बॉल असताना रनर उभ्याने, मुद्दाम जोरात तिच्यावर आदळली, तर रनर बाद, वर मैदानाबाहेरही जावं लागू शकतं. म्हणजे नियम दोघींना बांधतो. बॉल नसेल तर कॅचरने वाट सोडायची, बॉल असेल तर रनरने धडकायचं नाही. मिरपूरला हा नियम असता तर ‘चूक कोणाची’ हा वाद दोन मिनिटांत मिटला असता. मुस्तफिझूरकडे बॉल नव्हता, वाट धोनीची होती. धक्का मारायचा हक्क मात्र त्याने मिळत नाही, वाट आपली असली तरी.

पहिल्या बेसवर तर यावर साधासोपा उपाय निघालाय. अनेक सामन्यांत तिथे दोन बेस शेजारी शेजारी असतात, आतला पांढरा आणि बाहेरचा नारिंगी. पांढरा फिल्डरचा, नारिंगी रनरचा. दोघींची पावलं एका जागी पडतच नाहीत.

वाद घालायचा असेल तर

तुमच्या मुलीच्या, भाचीच्या सामन्याला गेलात आणि निकाल पटला नाही, तर एक फरक माहीत असू द्या. ‘ती तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचली असती’ यावर रीतसर आक्षेप घेता येत नाही. तो पंचाचा अंदाज आहे आणि अंदाजावर अपील नाही. पण पंच जर म्हणाले, की ‘तिने मुद्दाम केलं नाही म्हणून मी दिलं नाही’ किंवा ‘टक्करच झाली नाही, मग ऑब्स्ट्रक्शन कसलं’, तर तो अंदाज राहिला नाही. तिथे नियमच चुकीचा लावला गेलाय. त्यावर कोच आक्षेप नोंदवू शकतात, फक्त पुढचा बॉल टाकला जायच्या आत. एकदा पिचरने हात फिरवला की तो मुद्दा गेला. त्यामुळे आरडाओरडा न करता शांतपणे विचारायला लावायचा प्रश्न एकच, ‘सर, तुम्ही का नाही दिलं?’ काय करायचं ते त्यांच्या उत्तरावरून ठरवा.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय. सामने मात्र लॉस एंजेलिसला नाहीत, तिथून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर ओक्लाहोमा सिटीत होणार आहेत. बघाल तेव्हा एखादा लांब फटका बसला आणि कॅमेरा बॉलमागे गेला, तर स्क्रीनच्या कोपऱ्यात बेसजवळच्या पंचाचा डावा हात दिसतोय का ते शोधा.